पिवळी वाट ओल्शान्कातून

मे महिन्यातल्या एका सकाळी कायेतानने आयुष्यात पहिल्यांदा वाट चुकीची रंगवली, आणि तीही चांगली समजून-उमजून.

ग्राबूव आणि लिपोवेत्स ही दोन जुनी, छोटी शहरं. दोन्हींना दगडी फरसबंदीचा चौक आहे, चौकाभोवती कमानी आहेत आणि कमानींखाली कबुतरं. एकातून सकाळी निघालं की रमतगमत दुपारपर्यंत दुसऱ्यात पोचता येतं. चढ नाही, उतार नाही. आजीबाई नातवंडांना घेऊन जातात. वाट दाखवायला झाडांच्या खोडांवर तळहाताएवढी खूण असते. वर-खाली पांढरी पट्टी, मध्ये पिवळी. उन्हापावसाने ती विटते, खोड वाढलं की ताणली जाते, म्हणून काही वर्षांनी कुणाला तरी पुन्हा रंगवावी लागते. पर्यटक मंडळाने हे काम कायेतानकडे सोपवलं होतं. पूर्वी त्याचं ग्राबूवच्या कमानींखाली केस कापायचं दुकान होतं. ते त्याने भाचीला दिलं. हातात काहीतरी असल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. कात्री गेली आणि ब्रश आला.

पण वाटेचा खरा मालक तो नव्हता. मालक क्लेमेन्स होता. क्लेमेन्स गुरांचा डॉक्टर, आवाज मोठा, अंगाने आडवा. खूण कुठल्या झाडावर करायची, किती उंचीवर, वळणाच्या किती आधी, हे तो ठरवायचा आणि कायेतान रंगवायचा. वर्षानुवर्षं दोघं असे हिंडले. कायेतानची खालची पांढरी पट्टी किंचित डावीकडे झुकायची. "न्हाव्याचा हात," क्लेमेन्स म्हणायचा, "गिऱ्हाइकाची मान वाकडी असल्यासारखा."

मागच्या पावसाळी शरदात क्लेमेन्सला झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. त्याची विधवा बहीण ओतिल्या त्याला ओल्शान्कात आपल्या घरी घेऊन आली. घर खेड्याच्या पार टोकाला. खिडकीतून एक गाडीवाट दिसायची, पलीकडे एक नासपतीचं झाड आणि मग बटाट्याचं शेत. त्या वाटेने कुणी म्हणून जात नसे. हिवाळ्यात कधीतरी क्लेमेन्सने खुणेनेच सांगून खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली, आणि ती तशीच राहिली. कायेतान दर आठवड्याला यायचा, त्याची दाढी करायचा, ग्राबूवच्या बातम्या सांगायचा. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाची दाढी करायला अडचण होते, पण त्याबद्दल तो काही बोलला नाही.

तर मे महिन्यात कायेतान खुणा नव्या करत ओल्शान्काजवळच्या लाकडी क्रुसापाशी आला. इथे वाट फुटते. डावीकडची जुनी वाट चॅपेलवरून, लिंडनच्या झाडांच्या दुतर्फा रांगेतून, गिरणीच्या तळ्याकाठाने लिपोवेत्सला जाते. लोक येतात ते त्या रांगेसाठीच. उजवीकडची गाडीवाट ओतिल्याच्या घरावरून, मग कोंबड्यांच्या लांबलचक शेड्सवरून डांबरी रस्त्याला लागते. तीही लिपोवेत्सलाच जाते, पण तिने जावं असं कुणाला वाटणार नाही.

कायेतान क्रुसाखाली बसला, डबा उघडला, पाव खाल्ला. मग उठला, डावीकडच्या जुन्या खुणा करड्या रंगाने बुजवल्या आणि उजवीकडे बाण काढला. शेवटची खूण त्याने खिडकीसमोरच्या नासपतीवर केली. ओतिल्या तेव्हा बाजाराला गेली होती.

जून लागला आणि माणसं यायला लागली. आधी एक जोडपं, मग निवृत्त शिक्षिकांचा घोळका, मग सायकली ढकलणारं एक कुटुंब. खिडकी उघडी दिसली की ती "नमस्कार" म्हणायची. ओतिल्या कायेतानला फाटकातच गाठून सांगू लागली.

"अहो, काय झालंय कळत नाही! एवढी माणसं या वाटेला कधी बघितली नव्हती. परवा एकीने पाणी मागितलं. आणि यानं काय केलं माहितेय? खुर्ची फिरव म्हणाला."

"फिरवलीत?"

"फिरवली तर! आता दिवसभर तिथेच बसतो. जेवणसुद्धा तिथेच."

कायेतानने खांदे उडवले आणि साबणाचा फेस करायला घेतला. आतून त्याला बरं वाटलं. चोरून केलेलं काम साधल्यावर वाटावं तसं. क्लेमेन्सने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेत काही विशेष आहे असं कायेतानला वाटलं नाही.

पण माणसं नुसती नमस्कार करून जात नव्हती. थोडं पुढे कोंबड्यांचा वास लागला की काही जण परत फिरायचे आणि खिडकीशी येऊन विचारायचे, "आजोबा, ती लिंडनची रांग कुठे आहे हो?" क्लेमेन्स सांगायचा. शब्द अर्धे तोंडातच राहायचे, ऐकणारे ओशाळून मान डोलवायचे आणि चुकीच्याच दिशेला जायचे. एका बाईने मात्र गुडघ्यावर हात टेकून, तीनदा विचारून, त्याचं सगळं ऐकून घेतलं. जाताना ती म्हणाली, "पण खुणा तर इकडेच आणतात ना."

त्या दिवशी क्लेमेन्सने ओतिल्याकडे दुर्बीण मागितली. जुलैतली ती दुपार. कायेतान आत आला तेव्हा दुर्बीण क्लेमेन्सच्या मांडीवर होती.

"नासपती," क्लेमेन्स म्हणाला.

"काय नासपती?"

"खालची पट्टी. वाकडी."

कायेतानने टोपी काढली. ओतिल्या एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"तुझ्यासाठी केलं," कायेतान म्हणाला. "भिंतीकडे तोंड करून बसला होतास."

"माझ्यासाठी?" क्लेमेन्सचा चेहरा एका बाजूने लाल झाला. शब्द हळू येत होते, पण आता ते कुठे अडत नव्हते. "माझ्यासाठी लोकांना कोंबड्यांच्या गुवातून नेलंस? आणि मला जत्रेतल्या अस्वलासारखं बसवलंस? या, बघा, नमस्कार करा!"

"अस्वल कोण म्हणालं? लोक चांगले बोलतात तुझ्याशी."

"कीव करतात! लिंडन चुकतात आणि वर माझी कीव करतात!"

"अरे, निदान बोलायला तरी लागलास," ओतिल्या मध्ये पडली. "सगळा हिवाळा तू माझ्याशी एक वाक्य बोलला नाहीस. मी काय भिंत होते? मला विचाराल तर हवं तिथून वळवा वाट. माझ्या स्वयंपाकघरातून न्या."

"पुसून टाक," क्लेमेन्स कायेतानला म्हणाला.

"आणि मग तू पुन्हा भिंतीकडे फिरणार?"

"ते माझं मी बघीन. तू पुस."

कायेतानने टोपी घातली आणि दाढी न करताच निघाला. वाटेत त्याला क्लेमेन्सचा राग आला, मग स्वतःचा, मग पुन्हा क्लेमेन्सचा.

दुसऱ्या दिवशी तो रंग घेऊन आला आणि सगळं पूर्ववत केलं. काम संपायच्या आत मंडळाच्या अध्यक्षा सबिना यांचा फोन आला. तक्रारी आल्या होत्या. कुणीतरी नकाशा आणि खुणा जुळत नाहीत म्हणून फोटो पाठवले होते.

"कायेतान, हे झालं कसं? तुमच्याकडून?"

"मीच वळवली होती. आता पुन्हा नीट केलीय."

"पण का?"

क्लेमेन्सचं नाव सांगितलं असतं तर सबिना विरघळल्या असत्या. त्या क्लेमेन्सला ओळखत होत्या.

"वाटलं, वळवावी," तो म्हणाला.

सबिनांनी शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं, की पुढच्या वसंतापासून ही वाट लुब्लिन शहरातल्या एका तरुण जोडप्याकडे देऊ, तुम्हीही आता थकलात. कायेतान "बरं" म्हणाला. क्रुसापाशी बसून त्याने ब्रश धुतले. टर्पेंटाइन संपेपर्यंत धुतले.

तो ओल्शान्काला गेला नाही. एक आठवडा, मग दुसरा. शेवटी ओतिल्याच ग्राबूवला आली. दुकानात भाचीकडून केस कापून घेतले आणि आरशातूनच मागे बसलेल्या कायेतानशी बोलली.

"त्याची दाढी कमरेला लागायची वेळ आलीय."

"भाचीला पाठवतो."

"तो विचारतोय, वाट पुन्हा नीट रंगवलीस कशावरून. म्हणतो, स्वतः बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. न्हाव्याने एकदा दगा दिलाय."

"स्वतः कसा बघणार?"

"तेच मी म्हटलं. तर म्हणाला, सोपी वाट आहे, आजीबाया जातात."

सप्टेंबरच्या एका कोरड्या सकाळी ते तिघं निघाले. कायेतानने चाकाच्या खुर्चीला पुढून दोर बांधला होता, ओतिल्या मागून ढकलत होती. क्लेमेन्सच्या मांडीवर दुर्बीण, खांद्यावर घोंगडी. चॅपेलपर्यंत सगळं सुरळीत झालं. क्लेमेन्स प्रत्येक झाडापाशी खुर्ची थांबवायचा, खूण बघायचा आणि "हं" म्हणायचा. चॅपेलनंतर वाळू लागली. पायी चालणाऱ्याला ती जाणवतसुद्धा नाही. खुर्चीची चाकं तिच्यात अशी रुतली की कायेतान दोरासकट गुडघ्यावर आला.

"ओढ," क्लेमेन्स म्हणाला.

"तू उतर आणि ओढ."

ओतिल्या बांधावर बसून हसायला लागली. तिचं हसणं थांबेना. मग क्लेमेन्सच्या तोंडाची उजवी बाजू हलली आणि कायेतानने पाहिलं, की तोही हसतोय.

मागून पाठीवर पिशव्या घेतलेली सहा-सात माणसं आली. त्यांनी काही न विचारता खुर्ची चारी बाजूंनी उचलली आणि पालखी न्यावी तशी वाळूपार नेऊन ठेवली. क्लेमेन्सने घोंगडीची टोकं घट्ट धरली होती. खाली ठेवल्यावर तो त्यांना म्हणाला, "डावीकडे तळं. बगळे." त्यातल्या एकाला कळलं, त्याने बाकीच्यांना सांगितलं.

लिंडनच्या रांगेत पानं पिवळी पडायला लागली होती. मधोमध क्लेमेन्सने हात वर केला.

"हे झाड मेलंय."

कायेतानने पाहिलं. खूण नवी, स्वच्छ होती, पण साल भोवतीने सुटत होती. पुढच्या वादळात झाड पडणार आणि खूणही जाणार.

"पुढच्या झाडावर घे."

"माझ्याकडे आता वाट नाही," कायेतान म्हणाला. "काढून घेतली."

क्लेमेन्सने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "का?"

"वळवली म्हणून."

"सबिनाला सांगितलं नाहीस? माझ्यामुळे म्हणून?"

"तुझ्यामुळे वळवलीच नव्हती."

ओतिल्याने खुर्ची पुढे ढकलली. तळ्यापर्यंत क्लेमेन्सने एकाही झाडापाशी खुर्ची थांबवली नाही, आणि बगळे तिथे नव्हते.

लिपोवेत्सच्या चौकात त्यांनी कमानीखालच्या टेबलावर बीटाचं सूप आणि बटाट्याचे पराठ्यासारखे तळलेले केक मागवले. क्लेमेन्सने सूप स्वतःच्या हाताने प्यायचा हट्ट धरला आणि शर्टावर लाल ओघळ आणले. शेजारच्या टेबलावरच्या बाईने नजर वळवली. क्लेमेन्सने तिला वाकून नमस्कार केला. परतीला पाववाल्याची गाडी मिळाली. खुर्ची पावाच्या रिकाम्या ट्रेंच्या मधोमध बसवली आणि कायेतान तिचं चाक धरून बसला.

गाडीत क्लेमेन्स म्हणाला, "दाढी."

"उद्या येतो," कायेतान म्हणाला.

त्यानंतर बर्फ पडेपर्यंत बऱ्याच रविवारी दोघं चॅपेलपर्यंत जात. त्याच्यापुढे वाळू, आणि वाळूचा नाद दोघांनीही सोडला होता. चॅपेलच्या पायरीशी खुर्ची लावली की जाणारे-येणारे दिसत. काहींशी क्लेमेन्स बोलायचा, काहींना नुसता हात करायचा. घरी मात्र खुर्ची काही दिवस खिडकीकडे असायची आणि काही दिवस भिंतीकडे. ओतिल्याने ते मोजायचं सोडून दिलं.

एप्रिलमध्ये लुब्लिनचं जोडपं रंग घेऊन आलं. मुलगी उंच होती. तिने क्रुसाजवळच्या बर्चच्या झाडावर खूण जरा जास्तच वर केली. ते गेल्यावर, थोड्या अंतरावर कायेतानने थांबवलेल्या खुर्चीतून क्लेमेन्सने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"उंच आहे," तो म्हणाला.

"सरळ आहे पण," कायेतान म्हणाला, आणि त्याची कॉलर नीट करायला खाली वाकला.