खुर्चीत पोहणारं घड्याळ

"तीन मिनिटं झाली. आटपा."

हा आवाज ऐकून चाळीस वर्षं उलटली, तरी तो आईच्या कानातून काही हलला नव्हता. ती ऑपरेटर होती त्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मोठ्या बाईंचा तो आवाज. पाऊल न वाजवता बाई मागून यायच्या, ओळीनं बसलेल्या मुलींच्या खुर्च्यांमागून फिरायच्या आणि म्हणायच्या, "जोडायचं आपण, बोलायचं लोकांनी. तीन मिनिटं झाली की लाइन मोकळी. तिकडे कुणाचा तरी जीव अडून बसलेला असतो गं." मुली समोरच्या बोर्डावर लाइन जोडणाऱ्या दोऱ्या खुपसायच्या, दोऱ्या उपसायच्या आणि बाईंची पाठ वळली की ओठांतल्या ओठांत गुणगुणायच्या:

लाल दिवा लागे, दोरी माझ्या हाती
दूरदूरची गं मी जुळविते नाती

दोऱ्या गेल्या, दिवे गेले, एक्स्चेंजच्या जागी फरशांचं दुकान आलं. तीन मिनिटं मात्र आईच्या अंगात राहिली ती राहिलीच. कुणाचाही फोन येवो, वेळ भरत आली की तिच्या तोंडून आपसूक निघायचं, "बरं, ठेवते मग." बहिणीचा जावई शिडीवरून पडला तेव्हा तो पडला एवढं हिला कळलं. तो शिडीवर चढला कशाला, हे सांगायच्या आत हिनं फोन ठेवला होता. ते कोडं अजून सुटलेलं नाही.

या नियमाला अपवाद एकच, तक्रारीची लाइन. "आमचा फोन बंद पडलाय हो," असं शेजाऱ्याच्या फोनवरून सांगणाऱ्या माणसाला मध्येच तोडायचं नसे. तक्रार पुरती ऐकायची, मग ती अर्धा तास चालो की पाऊण. तक्रारीला घड्याळ नाही, असं मोठ्या बाईच सांगायच्या.

आईचा मुलगा दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन यायचा. प्रश्न तीन. जेवलीस का दुपारी? फिरून आलीस का? रात्री झोप लागली होती का? उत्तरंही तीन. हो, हो आणि हो. मग आईचं "बरं, ठेवते मग." अशी वर्षं गेली. मग तिच्या वाढदिवसाला त्यानं एक घड्याळ पाठवलं. काळं, चौकोनी, रबरी पट्ट्याचं.

"आता तुला कसला त्रास नाही, आई," तो म्हणाला. "तुझी पावलं, झोप, नाडी, सगळं मला इथं माझ्या फोनवर दिसतं. विचारायलाच नको."

"बरं झालं," आई म्हणाली. माणसं म्हणतात तसं म्हणाली.

आणि खरंच, विचारायला काही उरलं नाही. रोजचा फोन एक दिवसाआड झाला, मग रविवारचा झाला, आणि एका रविवारी फोनऐवजी नुसता वर केलेल्या अंगठ्याचं चित्र आलं. आई दारातल्या आरशात बघून स्वतःशीच म्हणाली, "चार हजार दोनशे पावलं, सात तास झोप, नाडी बहात्तर. मी मजेत आहे म्हणे."

पुढच्या बुधवारी ती घड्याळ चार्जिंगला लावायला विसरली. सकाळी अकराला ते मनगटावरच मिटलं. सव्वाअकराला फोन खणाणला.

"आई! कुठे आहेस तू? तुझी नाडीच लागत नाहीये!"

"अरे, मी वाटाणे सोलतेय."

"आणि घड्याळ?"

"काळं पडलंय."

मुलगा बंद पडलेल्या लिफ्टला लागतो तसा घड्याळाला लागला. कधी थांबलं, थांबण्याआधी थरथरलं का, पाठीमागून गरम लागतंय का. मग म्हणाला, "चार्जिंगला लाव. पडदा उजळायला दहा मिनिटं जातील. थांब, ठेवू नकोस." आणि त्या दहा मिनिटांत, गप्प कसं बसायचं म्हणून, तो बोलत राहिला. काल कुणीतरी सातव्या मजल्यावर कपाट न्यायला लिफ्टमध्ये घातलं. कपाट बसलं, माणसाला जागा उरली नाही. मग तो कपाटात जाऊन बसला. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मधे अडकली, आणि याच्या माणसांनी दार उघडलं तर आतून कपाट म्हणतंय, "अहो, आधी मला बाहेर काढा!"

हसता हसता आईचे अर्धे वाटाणे जमिनीवर. फोन ठेवला तेव्हा एक्केचाळीस मिनिटं झाली होती, आणि तिच्या तोंडून "ठेवते" असं एकदाही निघालं नव्हतं. निघेल कसं? तक्रारीचा फोन होता तो.

त्या दिवसापासून घड्याळाची तब्येत ढासळली.

आधी तिनं साधंच केलं. मुलगा विचारायचा, "काल चार्जिंगला लावलं होतंस ना?" ती म्हणायची, "लावलं होतं." ते खरंच होतं. जन्मात ती खोटं बोलली नव्हती. भिंतीवरचं बटण दाबलं होतं का, हे त्यानं विचारलं नव्हतं, एवढंच.

पण त्याच्या फोनवर बॅटरीचा आकडा दिसे. म्हणून त्यानं एक दिवस वही घ्यायला सांगितली. "लिही. रोज एकाच वेळी लावायचं, आंघोळीला जातेस तेव्हा. शंभर भरायचा हट्ट नको, ऐंशीला काढलं तरी चालतं. पडद्याचा उजेड कमी ठेव. पडदा सारखा जागा ठेवायचा नाही. आणि व्यायामाची नोंद सुरू राहिली, तर बॅटरी भराभर उतरते, तेवढं बघ."

आईनं सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. फोन ठेवला, चष्मा पुसला आणि यादीतली एकेक गोष्ट उलटी करायला घेतली. उजेड झाला एवढा, की मनगटाकडे बघताना डोळे मिचकावावे लागत. पडदा जागा राहिला. व्यायामाच्या यादीत चालणं होतं, धावणं होतं, सायकल होती. आठवडाभर तिनं एकेकाची परीक्षा घेतली. बॅटरी सगळ्यांत लवकर खाल्ली ती पोहण्यानं. मग रोज न्याहारी झाली की ती खिडकीपाशी खुर्चीत बसे, पोहणं सुरू करी आणि पेपर वाचत बसे. मध्येच मनगटाकडे बघून हळूच म्हणे:

मनगटी माझ्या काळं चौकोनी पाखरू
सकाळी गं जागं, दुपारी लागे झुरू

खाली चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाई एकदा तिचा दुरुस्त केलेला चष्मा द्यायला वर आल्या. त्यांच्या डोळ्यांतून काही सुटत नसे, धंदाच तो.

"ऑपरेटरबाई, घड्याळात लाटा कसल्या दिसतायत?"

"पोहतेय."

"खुर्चीत?"

"खोल पाण्यात जायची भीती वाटते मला."

चष्मेवाल्या बाई टेकल्या. सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, सरळ सांगा ना त्याला, फोन करत जा म्हणून! एवढ्या लांब वळसा कशाला? नाकासमोर रस्ता आहे."

"त्याच्या मागे कामाचा डोंगर. त्याची लाइन अडवून कसं चालेल?"

"आणि घड्याळाच्या नावानं अडवलेली चालते?"

"ती तक्रार असते. तक्रार ऐकावीच लागते."

"धन्य आहे बाई तुमची. हा चष्मा घ्या. दूरचं दिसत होतं तुम्हाला, आता जवळचंही दिसू दे."

तेवढ्यात फोन वाजला. चष्मेवाल्या बाई उठता उठता पुन्हा बसल्या.

"आई," मुलाचा आवाज जरा चिरका होता, "माझ्या फोनवर अभिनंदन आलंय. तू तीन तास दहा मिनिटं पोहलीस म्हणे."

"असेल."

"असेल काय? तुला पोहता येत नाही! कुठे पोहलीस?"

"इथेच."

"आणि हे एकदाच नाही. गेल्या महिन्यात अठरा वेळा! माझ्या साहेबांना वाटतंय, माझी आई स्पर्धेची तयारी करतेय."

"बोट लागत असेल रे चुकून. माझी बोटं जाड झालीत."

चष्मेवाल्या बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मुलानं सुस्कारा सोडला. "जाऊ दे. ते घड्याळच बाद करू. नवं घेतलंय मी, शनिवारी घेऊन येतो. साधं आहे, पोहण्याबिहण्याची भानगड नाही, आणि एकदा चार्ज केलं की पंचवीस दिवस बघायला नको. तुझीही कटकट गेली आणि माझीही."

फोन बंद झाला. आई बोटं मोजत बसली.

"पंचवीस दिवस," ती म्हणाली. "म्हणजे महिन्याला एक फोन. तोही आलाच तर."

चष्मेवाल्या बाई हसायच्या थांबल्या होत्या. "शनिवारच्या आत सांगा त्याला," त्या एवढंच म्हणाल्या.

शुक्रवार संपला, आईनं सांगितलं नाही. दोनदा फोन हातात घेतला, दोनदा खाली ठेवला. कुणाला आपण होऊन फोन लावायचा, तर काम काय म्हणून सांगायचं?

शनिवारी सकाळी मुलगा आला. हातात नव्या घड्याळाचा खोका, खांद्याला हत्यारांची पिशवी. चहाचा कप खाली ठेवण्याआधीच त्यानं जुनं घड्याळ मागितलं. "बिघाड सापडल्याशिवाय वस्तू टाकायची नाही. आमच्या कामाचा धर्म आहे तो." त्यानं ते शंभर टक्के चार्ज केलं, उजेड कमी केला आणि स्वतःच्या दुसऱ्या मनगटावर बांधलं. दिवसभर दोन घड्याळं घालून घरात फिरला. नळाचा वायसर बदलला, पंख्याचा आवाज घालवला, गच्चीवर जाऊन आला. आई त्याच्यामागून फिरत होती आणि दर तासाला विचारत होती, "किती झालं?"

"ब्याण्णव."

"किती झालं आता?"

"एकोणनव्वद. अगं, हे आजारी कुठाय?"

संध्याकाळी सहाला आकडा शहाऐंशी होता. मुलगा खिडकीपाशी बसून घड्याळाकडे बघत होता, खोड्या करणारं पोर वर्गात शिक्षक आले की शहाणं होऊन बसतं ना, तशा त्या घड्याळाकडे. चष्मेवाल्या बाई दुकान मिटून सहज म्हणून वर आल्या होत्या. सहज कसल्या, राहवलं नाही म्हणून.

"काही बिघाड नाही यात," मुलगा म्हणाला. "आमच्याकडे अशी एक तक्रार येते. लिफ्ट उत्तम, आणि तरी रोज बंद. आम्ही सगळं खोलून बघतो, काही सापडत नाही. मग कळतं, वरच्या मजल्यावर कुणीतरी मुद्दाम दार उघडं धरून ठेवतंय." त्यानं मान वर केली. "आई, दार कोण धरतंय?"

आई टेबलावरचे न सांडलेले थेंब पुसू लागली.

"तुला हे आवडत नसेल तर सांग ना," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात लिफ्ट नव्हती. "मी का घेतलं हे? मी रोज फोन करायचो, आणि तीन मिनिटं व्हायच्या आत तू म्हणायचीस, ठेवते. काही सांगायला तोंड उघडावं, तर तिकडून ठेवते. मला वाटायचं, माझा जाच होतो तुला. मग म्हटलं, हिला फोनच उचलायला नको. घड्याळ सांगेल मला काय ते."

आईचा हात टेबलावर थांबला. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मला जायला हवं," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या आणि दारापर्यंत जाऊन तिथंच उभ्या राहिल्या.

मुलानं खोका उघडला. नवं घड्याळ गोल होतं, रुपेरी, गुबगुबीत. त्यानं आईचा हात हातात घेतला आणि पट्टा मनगटाभोवती गुंडाळला. "बघ, सैल होतंय का?"

आईनं दुसऱ्या हातानं पट्टा धरला.

"थांब. नको लावूस." तिचा आवाज बारीक झाला होता. "मीच संपवते ती बॅटरी. उजेड वाढवते, पोहणं लावते आणि बसून राहते. बंद पडलं, की तुझा फोन येतो ना, म्हणून. तू घड्याळाचं विचारत विचारत मग ते कपाटातल्या माणसाचं सांगतोस, साहेबांचं सांगतोस. ठेवते म्हणायची ती सवय रे, जुनी, कामावरची. मला ठेवायचं नसतं कधीच. माझी नाडी तुला कळली नाही तरी चालेल. मला तुझं बोलणं ऐकायचं असतं. रोज."