चपलांची हजेरी

आमच्या लाँड्रीत हजेरी माणसांची नव्हती, चपलांची होती.

इस्पितळाच्या आणि दोन-तीन लॉजच्या चादरी आमच्याकडे धुवायला यायच्या. आतली फरशी कायम ओली, म्हणून बाहेरच्या चपला दाराशी फळीवर काढायच्या आणि मालकाने दिलेले रबरी बूट चढवायचे. मुकादमाला वाफेत दम लागायचा, तो आत येतच नसे. सकाळी फळीपुढे उभा राहायचा, चपला बघायचा आणि वहीत नावापुढे खूण करायचा. कोणती चप्पल कोणाची हे त्याला पाठ होतं. चेहरे विचारले असते तर गडबडला असता.

आम्ही सातजणी होतो. नेमणुकीचा कागद एकीकडेही नव्हता. मालक पहिल्या दिवशी म्हणाला होता, "उद्यापासून ये." एवढाच काय तो करार. जायचं किती वाजता, हे कुणी सांगितलं नाही. ढीग संपला की जायचं. आत घड्याळ नव्हतं, आणि ढीग काही आमच्या सोयीने लहानमोठा होत नव्हता. पाय इतके सुजायचे की घरी जाताना स्वतःचीच चप्पल दुसऱ्याची वाटायची.

रजेचं तर नावच काढायचं नाही. पण माणूस म्हटलं की ताप येतो, मूल आजारी पडतं, घरात कुणी जातं. त्यावर थोरलीने तोडगा काढला होता. थोरली म्हणजे आमच्यातली सगळ्यांत जुनी बाई, केस पिकलेली, जीभ धारदार. तिच्या सांगण्यावरून प्रत्येकीने एकसारखे दोन जोड घेतले होते. दुसरा जोड पिशवीत घालून फाटक्या चादरींच्या कपाटात ठेवलेला असे. एखादीचं अगदीच अडलं की ती आदल्या दिवशी थोरलीच्या कानाशी लागायची, "उद्या माझी चप्पल लावता?" थोरली सगळ्यांच्या आधी येऊन तिचा जोड फळीवर मांडायची, आणि तिच्या वाटणीचं काम बाकीच्या सहाजणी ओढायच्या. नियम एकच होता. एका वेळी एकच बाई आणि एकच दिवस.

माझे यजमान गेले तेव्हा मात्र माझी चप्पल चार दिवस फळीवर होती. वहीप्रमाणे त्या चारही दिवशी मी उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होते.

या सगळ्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली, पण ताईचं पत्र आलं तो दिवस मला अजून दिसतो. ताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तिनेच माझी वेणी घातली, तिनेच माझं लग्न लावलं. एकटी राहायची, इथून दिवसभराच्या बसच्या अंतरावर. पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पत्रात लिहिलं होतं, "महिन्याअखेरीला ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, नंतर तीन आठवडे घरात कुणीतरी हवं. तुला जमलं तर ये." ताईने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

तीन आठवडे चप्पल लावणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. मी मालकापुढे जाऊन उभी राहिले.

तो म्हणाला, "रजा? बाई, नऊ वर्षांत इथे एकीनेही रजा घेतलेली नाही. वही बघ हवी तर. आता तूच कुठून नवी पद्धत काढलीस?"

आमच्याच हुशारीने आमची दातखीळ बसवली होती.

"जायचं तर जा," तो पुढे म्हणाला. "पण परत येशील तेव्हा फळीवर दुसरीची चप्पल असेल."

दुपारी सगळ्यांना सांगितलं. आमच्यात एक भोंगा होती, तिचा आवाज बॉयलरवरही ऐकू यायचा. ती म्हणाली, "कामगार कार्यालयात जा. माझा दीर सांगत होता, कागद नसला तरी ऐकतात."

"जाऊ कधी?" मी म्हटलं. "ते उघडतं तेव्हा मी इथे, आणि मी सुटते तेव्हा ते बंद."

थोरली चादर झटकत म्हणाली, "मग चप्पल कशाला आहे? रजा मागायला जायचं तर रजा घेऊनच जावं लागेल, त्याला काय इलाज?"

दुसऱ्या दिवशी गेले. तिथले साहेब चष्मा कपाळावर चढवून बसले होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "आज सुट्टी का तुम्हाला?"

"नाही साहेब, आज मी कामावर आहे."

चष्मा खाली आला. मग मी चपलांचंही सांगून टाकलं. खोटं बोलायचं म्हटलं तरी अंगात त्राण हवं ना! ते हसले नाहीत. म्हणाले, "मावशी, कागद नसला म्हणून हक्क जात नाही. तुम्ही काम केलं, त्यांनी करून घेतलं, तोच करार. तासांना मर्यादा आहे, वर्षाला पगारी रजा आहे. मी तपासणीला येतो."

"कधी?"

त्यांनी टेबलावरच्या फायलींकडे पाहिलं. तो ढीग मला ओळखीचा वाटला.

साहेब आले ते सात आठवड्यांनी. तोवर ताईचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. तिच्या शेजारणीने लिहिलं होतं, "सगळं ठीक, काळजी नसावी." ती ओळ मी किती वेळा वाचली असेन. ताईने स्वतः एक अक्षर लिहिलं नव्हतं, मग काळजी कशी नसावी?

मालकाने साहेबांना खुर्ची दिली. म्हणाला, "या काही माझ्या कामगार नाहीत हो. घरबसल्या कंटाळतात, मनात आलं की येतात, मनात आलं की जातात."

"किती वाजेपर्यंत असता?" साहेबांनी आम्हाला विचारलं.

"ते ढिगाला विचारा," भोंगा म्हणाली.

साहेबांनी हजेरी मागितली. मुकादमाने छाती पुढे काढून नऊ वर्षांच्या वह्या आणल्या. पानामागून पान, सात नावं, प्रत्येकीपुढे खूण. एक खाडा नाही.

"मनात आलं की येतात म्हणालात," साहेब म्हणाले. "यांच्या मनात तर रोजच येतंय."

मालकाचं तोंड पाहण्यासारखं झालं. इकडे आड, तिकडे विहीर. वही खोटी म्हणावी तर मुकादम त्याचाच, आणि खरी म्हणावी तर नऊ वर्षांत रजा दिली नाही हे त्याच्याच वहीत लिहिलेलं.

एवढ्यात पानं उलटणारं साहेबांचं बोट थांबलं. मी जिथे उभी होते तिथूनही तारीख वाचता येत होती. मी त्यांच्या टेबलासमोर बसले होते तीच. माझ्या नावापुढे खूण होती.

"या दिवशी या बाई कुठे होत्या?" त्यांनी विचारलं.

"इथेच," मुकादम म्हणाला. "मी डोळ्यांनी मोजलंय साहेब."

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. थोरलीने रोखून धरलेला श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

पुढच्या महिन्यात आत भिंतीवर घड्याळ लागलं आणि त्याखाली कामाच्या वेळेचा कागद. आम्ही सगळ्याजणी त्या घड्याळाकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघायचो. मला अठरा दिवसांची रजा मिळाली, पगारी, सहीशिक्क्यानिशी. निघताना थोरली म्हणाली, "दोन्ही जोड घेऊन जा गं. आता एकाचंही इथे काम नाही."

ताईने दार स्वतःच उघडलं. हातात काठी होती. एक पाय जरा आखूड पडत होता.

"वरातीमागून घोडं!" ती म्हणाली.

सांगण्यासारखं खूप होतं, पण तिला हवं होतं तेव्हा मी नव्हते, एवढं खरं होतं. ती बाजूला झाली. "पाय धू आणि जरा पड," म्हणाली. मी पडले.

उठले तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार होती. मी धडपडत उठून बसले, "किती वाजले, ढीग..." असं काहीतरी पुटपुटले. ताई उशाशी बसली होती. काठी भिंतीला टेकवलेली, हातात चहाचा कप.

"कसला ढीग? नीज," ती म्हणाली. "तुझी सेवा करायला मीच उठले वाटतं."

मी चहा घेतला. दाराशी माझी चप्पल दिसत होती. प्रवासाच्या धुळीने भरलेली, एक सरळ, एक उलटी, जशी काढली तशी पडलेली. ती सरळ करायलाही मी उठले नाही.