अंबाबाईचं रक्त हलकं नव्हतं

मी जांभळ्या टोपणाची नळी बोलतेय. परभणीतल्या एका दवाखान्यात, कपाटाखाली धुळीत पडले आहे. झाडू इथवर पोचत नाही, पण बोलणं पोचतं. काल जे ऐकलं त्याने माझं डोकं फिरलं आहे.

कारखान्यात माझ्या पोटात औषध घातलं ते एकाच कामासाठी. तपासणीचं रक्त गोठू द्यायचं नाही, म्हणजे पेशी नीट मोजता येतात. त्या कामात मला तोड नाही. पण माझं औषध कडक. रक्तातलं कॅल्शियम ते असं आवळून धरतं की बिचाऱ्या प्लेटलेट, म्हणजे जखम भरून काढणाऱ्या बारीक पेशी, फुगतात, त्यांचं रूपच पालटतं. मोजून फेकायच्या रक्ताला ते चालतं. जे परत माणसाच्या अंगात घालायचं, त्याला नाही. त्यासाठी पिवळ्या टोपणाची माझी बहीण आहे. तिचं औषध सौम्य, ती प्लेटलेटना जपते.

महिन्याभरापूर्वी येलदरीकडच्या अंबाबाई आल्या. जन्म मेंढरांमागे गेलेला, गुडघ्यावर बिब्बा घालून घालून कातडी काळी पडलेली. त्यांच्याच रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या काढून गुडघ्यात सोडायच्या, असं ठरलं होतं. सोबत लेक विजयमाला होती.

"येवढा हंगाम तू संगं चाल, आई. वाटा दाखव. मग कळप मी सांभाळते," ती म्हणत होती.

रक्त काढणाऱ्या योगीराजने खोका उघडला. "सर, पिवळ्या संपल्यात. उद्या बोलवू का यांना?"

"उद्या कशाला? जांभळी घे. गोठलं नाही म्हणजे झालं," डॉक्टर मोबाईलवरून नजर न काढता म्हणाले.

गोठलं नाही म्हणजे झालं! अहो, दूध सांडत नाही म्हणून ते चुन्याच्या डब्यात ठेवाल का? मी किंचाळले, पण नळीचं कोण ऐकतं! मशीनमध्ये मला गरगर फिरवलं, वरचं प्लेटलेटचं पिवळसर पाणी सुईत ओढून अंबाबाईंच्या गुडघ्यात टोचलं, आणि तळाच्या रक्तासकट मी टेबलावरून घरंगळले ती इथे.

काल अंबाबाई पुन्हा आल्या. लंगडतच.

"काईच फरक न्हाई ओ साहेब. लय दुखायलाय."

"मावशी, औषध तुमच्याच रक्ताचं होतं," डॉक्टर हसले. "रक्तातच दम नसेल तर मी काय करणार?"

हलक्या रक्ताच्या मेंढीचं पिल्लू अंबाबाईंच्या लोकांत कळपात ठेवत नाहीत. तोच न्याय त्यांनी स्वतःला लावला, आणि लेकीलाही.

"ऐकलंस का, विजे? माजंच रक्त तुज्यात हाय. तू बी अशीच गुडघं धरून बसशील. बापाला सांग, मेंढरं इकून टाका म्हनावं."

विजयमालाने आईची काठी उचलून हातात दिली.

डॉक्टर, लाज वाटू द्या! पिवळीने गुडघा हमखास बरा झाला असता, असं मी छातीठोक सांगत नाही. पण नळी निवडली तुम्ही आणि नावं ठेवलीत बाईच्या रक्ताला? नाचता येईना, अंगण वाकडं!

विजयमाला, पोरी, माघारी फिर. या कपाटाखाली वाकून बघ. माझ्या तळाशी तुझ्या आईचं रक्त अजून आहे, वाळून काळं पडलेलं. माझ्यात आलं तेव्हा ते चांगलं होतं गं. मेंढरं विकू देऊ नकोस.