कोपरा कापलेले पंखे

गावात पासष्ट उंबरे, म्हणून न्वे यीनने पासष्ट पंखे वाटले. त्यातले एकसष्ट दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिच्या कुंपणाच्या काटक्यांत खोचलेले होते. हातात परत द्यायला कुणी आलं नाही. एवढी लाज गावाने राखली.

मयताच्या घरून कागदी पंखा येतो. त्यावर गेलेल्याचं नाव असतं आणि सातव्याच्या जेवणाचा दिवस. पंखा ठेवून घेतला म्हणजे माणूस येणार. येणार, भन्तेजींपुढे बसणार, आणि त्यांनी पुण्य वाटून घ्या म्हणून तीनदा हाक दिली की तीनदा ‘साधु’ म्हणणार. तोवर गेलेल्याचा जीव फुलपाखरासारखा घराभोवती भिरभिरतो, म्हणून सात दिवस दार लावायचं नाही. साधु ऐकला की तो वाटेला लागतो.

तेझो तिचा एकुलता. एकवीस वर्षांचा. शहरात चहाच्या दुकानात कपबशा विसळत होता. लष्कराच्या सक्तीच्या भरतीत त्याच्या नावाची चिठ्ठी निघाली आणि त्याला दुकानातूनच उचलला. पाचव्या महिन्यात एका साहेबाचा फोन आला. मुलगा गेला, तिकडेच पुरला. मग बसच्या टपावरून एक खोकं आलं. त्यात त्याचा फोटो, एक पट्टा आणि छापील पंख्यांचा गठ्ठा. प्रत्येक पंख्याच्या कोपऱ्यात लष्कराचा शिक्का.

न्वे यीन काही भोळी नव्हती. शिक्का बघून गाव बिथरेल हे तिला कळत होतं. तिने दुपारभर बसून कात्रीने पासष्ट कोपरे कापले आणि स्वतःवर खूश झाली. पण शिक्का असता तर एखाद्याने न बघितल्यासारखं केलंही असतं. कापलेला कोपरा सगळ्यांनी बघितला, आणि तिथे काय होतं हे एकमेकांना सांगितलंही.

सहाव्या दिवशी सकाळी मयत मंडळाचे बा ख्यितकाका आले. पायरीवर बसले नाहीत.

“मंडळाच्या मोठ्या कढया मिळायच्या नाहीत, न्वे यीन.”

“अठरा वर्षं मी घासतेय त्या, काका. कुठे पोचे पडलेत तेही मला पाठ आहे.”

“म्हणूनच स्वतः आलो. दुसरं कुणी असतं तर निरोप धाडला असता.”

“त्याला धरून नेला हो. हौसेने गेला का तो?”

“नेला, कबूल. पण बंदूक आपल्याचकडे रोखली ना?”

“कोंबडी कापताना माझ्या मागे लपायचा तो. पाच महिन्यांत काय रोखणार?”

“हे मी मानतो.” काकांनी पानाची पिंक टाकली. “पण मी मानलं तर मला कुणी मानायचं नाही. आणि लष्करातल्या माणसाच्या सातव्याला न जेवायचा हा नियम कुणी घातला, ते मी सांगायला हवं का?”

सांगायला नको होतं. तीन वर्षांपूर्वी सार्जंट म्या मौंग मेला. गावचाच माणूस, पण त्याच्या तुकडीने शेजारचं गाव जाळलं होतं. त्यात न्वे यीनच्या बहिणीचं घर गेलं, वर्षाचं धान्य गेलं आणि बहिणीची आंधळी सासू गेली. सार्जंटच्या बायकोने, मा ओनने, सातव्याचं बोलावणं केलं. काय करावं ते गावाचं ठरत नव्हतं. तेव्हा मंडळाची मुख्य आचारीण न्वे यीन भर अंगणात उभी राहिली, तिने डाव कढईवर उपडा ठेवला आणि म्हणाली, “ह्या घरचा रस्सा माझ्या हाताने ढवळला जाणार नाही.” गाव तिच्या मागे उठून कुंपणाबाहेर गेलं. पुढे दोन वर्षं ती हे सांगायची, आणि दर वेळी डाव थोडा जास्त जोरात आपटायची.

काका गेल्यावर ती विहारात गेली.

“कुणी नसलं तरी मी येईन,” भन्तेजी म्हणाले. “गेलेल्याने स्वतः साधु म्हटलं की झालं.”

“तो कसला म्हणतोय, भन्ते? सकाळी तीन हाका मारल्याशिवाय कूस बदलायचा नाही. चार जणांचा आवाज लागतो त्याला.”

भन्तेजी हसले, मग हसल्याचं त्यांना वाईट वाटलं.

परत येताना तिने मनात हिशेब लावला. एकसष्ट आले. चार राहिले. दोन घरांना कुलूप, माणसं जंगलात पळालेली. एक बहिऱ्या फो थिनचा, त्याने तो चूल फुलवायला घेतलेला तिने स्वतः पाहिला. उरला एक, मा ओनचा. तो तिने फाटकाशी टाकून पाठ फिरवली होती.

मा ओन अंगणात तीळ पाखडत होती. तेझोच्या नावाचा पंखा मांडीवर होता.

“बस, ताई. चटई गुंडाळून ठेवलीय. तीन वर्षांत कुणी आलं नाही, तर म्हटलं उगाच झिजेल.”

न्वे यीन मातीत बसली. “उद्या येशील?”

“मी आले तर एकच होईन.”

“एक तरी.”

“माझ्या वेळी एकही नव्हता.” मा ओनने सूप खाली ठेवलं. “भन्तेजींनी तीन हाका दिल्या. कुंपणापलीकडे तुम्ही सगळे उभे. खोकत होता, पाय बदलत होता. तुझी निळी लुंगी मला दिसत होती. एकाने तोंड उघडलं नाही. तो अजून इथेच आहे.”

तिने घराकडे बोट केलं. दार सताड उघडं होतं. बाहेरची धूळ घरात पार चुलीपर्यंत गेली होती. तीन वर्षं ते कधी लावलं नव्हतं, हे न्वे यीनला उंबऱ्यावरच्या मातीवरून कळलं.

“आधी त्याच्यासाठी म्हण. तीनदा. रस्त्यावर जाईल असं. मग मी येते.”

“माझ्या बहिणीची सासू त्या आगीत…”

“माहीत आहे. झाकपाक करायला मी काही आले नाही तुझ्याकडे. तू आलीस.”

रस्त्याने बैलगाडीचा आवाज येत होता. गाडीवर बा ख्यितकाका होते. आज हे त्यांच्या कानी पडलं, तर पुन्हा ह्या गावात कुणी तिच्या हातात डाव देणार नाही, हे न्वे यीनला उमगलं. त्या म्हातारीचा वास तिला आठवला, कारण ती सापडली तेव्हा न्वे यीन तिथे होती. मग तेझो आठवला, पांघरुणातून एक पाय बाहेर काढून झोपलेला.

“साधु,” ती म्हणाली.

“ऐकू आलं नाही.”

“साधु.” गाडी थांबली. “साधु.” तिसऱ्याला घसा फाटला आणि शब्द खोकल्यात गेला.

“तिसरा नाही लागला,” मा ओन म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, पण डोळे वाहत होते. “परत पहिल्यापासून.”

न्वे यीनने पहिल्यापासून म्हटलं. तिन्ही. गाडी पुढे गेली. मा ओन उठली, दारामागची माती पायाने सारली आणि दार ओढून घेतलं. बिजागऱ्या गंजल्या होत्या. दोघींना मिळून ढकलावं लागलं.

सातव्या दिवशी घरच्याच लहान पातेल्यात भात झाला, कोंबडीचा रस्सा झाला, अंबाडीची भाजी झाली. तिच्या हाताला अंदाज मोठ्या कढईचा, त्यामुळे मीठ जास्त पडलं. भन्तेजी आले. मा ओन आली, पंखा उघडा हातात धरून, गावातून चालत. कुंपणापलीकडे माणसं जमली. कुणी खोकत होतं, कुणी पाय बदलत होतं.

भन्तेजींनी मंत्र म्हटले. न्वे यीनने भांड्यातून पाण्याची धार सोडली. मग पहिली हाक.

“साधु,” मा ओन म्हणाली. तिच्याबरोबर न्वे यीन.

दुसरी. तिसरी. दोन बायकांचे आवाज. दर हाकेनंतर भन्तेजी नेहमीपेक्षा जास्त थांबले. कुंपणाकडून वारा आला, एकसष्ट पंखे फडफडले, आणि क्षणभर तिला वाटलं की कुणीतरी म्हणालं. तिने मान वळवली. बा ख्यितकाका समोरच होते. त्यांचे ओठ हलत होते, पण पान चघळत होते की काय, ते तिला ठरवता येईना. तिने त्यांच्याकडे पाहिलं तसे ते थांबले.

माणसं पांगली. जेवणं झाली, म्हणजे भन्तेजींचं झालं. मा ओनने पातेलं घासून पालथं घातलं आणि दाराशी गेली. तिचा हात कडीवर होता.

“लावू, ताई?”

न्वे यीन उंबऱ्यापलीकडच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली.

“राहू दे,” ती म्हणाली. “एवढ्याने जागा व्हायचा नाही तो.”