टिटवीची जागा

बिरूच्या शेतावर पाऊस पडावा म्हणून त्याच्या आईनं, साखरबाईनं, त्या सकाळी टिटवीची अंडी पाण्याकाठच्या वाळूतून उचलली आणि वर बांधावर नेऊन ठेवली. हसू नका. टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस दांडगा, पाण्यालगत घातली तर ओढ, हे कळस गावच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. बिरूची बाजरी सगळी आभाळाच्या भरवशावर. म्हातारीनं देवाच्या कामाला जरा हातभार लावला, इतकंच.

उजनी धरणाकाठच्या राखीव रानात साखरबाई पायवाटा झाडायच्या कामावर होती. एक वाट झाडीतून, दुसरी वाळूवरून. झाडून मागं वळली तर टिटवी रिकाम्या जागेवर घिरट्या घालत ऊर फुटेस्तोवर ओरडत होती. बांधाकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

साखरबाईनं कपाळावर हात मारला. मेंढरांमागं रानोमाळ हिंडण्यात जन्म गेला आणि आज ही अवदसा आठवली! ऊन चढत होतं. उघडी अंडी तापली की संपलं. तिनं ती परत आणली आणि होती तशी, टोकं आत करून, वाळूत मांडली.

पण माणूस जवळ असेपर्यंत टिटवी उतरायची नाही. म्हणून साखरबाईनं बाभळीची फांदी ओढून वाळूची वाट अडवली आणि खराटा घेऊन लांब उभी राहिली.

रविवार होता. बारामतीची मंडळी फिरायला आली.

"आजी, तिकीट काढलंय आम्ही!"

"मग झाडीत फिरा. सावली हाय तितं. हिकडं आज न्हाय."

रानाचा राखणदार अल्ताफ धावत आला. "मावशी, सायेब कामावरनं काढत्याल तुमाला."

"काढू दे. त्या टिटवीचं घर म्या मोडलंय. ती बसल्याबिगर म्या हालत न्हाय."

अल्ताफनं डोकं खाजवलं आणि तो लोकांना झाडीकडं वळवू लागला. भला माणूस!

टिटवी पाण्यात शिरली, पोट भिजवून वर आली, थबकली, पुन्हा मागं गेली. शेवटी ती आली आणि ओल्या पोटानं तापल्या अंड्यांवर बसली.

"बसली, मावशी!" अल्ताफ कुजबुजला. "पण मग यंदा पावसाची ओढच म्हणायची."

साखरबाईनं डोळे पुसले. "आरं, पिल्लांना पाणी जवळ पडावं म्हणून बसलीया ती तितं. आमच्या पावसाशी तिला काय करायचंय? बाजरीचं आमी बघू."