चंद्रीच्या घशातली पिशवी

मोरिवलीच्या हरिचंद्राचा उजवा हात स्वतःच्या बाहीत कमी आणि म्हशींच्या घशात जास्त राहिलेला. कारखान्यांच्या कडेला चरणारी जनावरं काय गिळतील याचा नेम नाही. त्याने आजवर प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या, सुतळी काढली, अर्धं गोणपाट काढलं आणि एकदा तर घडीची छत्री. ती छत्री अजून उघडताना रेकते, असं अख्खं गाव शपथेवर सांगतं. अशा माणसाला डॉक्टर कशाला लागतोय?

म्हणून चंद्री म्हैस चारा सोडून मान लांबवून उभी राहिली आणि तिच्या तोंडातून लाळेच्या तारा सुटल्या, तेव्हा त्याने ठरवून टाकलं, पिशवी अडकली. बायकोला, ठमाबाईला, म्हशीची जीभ बाजूला ओढून धरायला लावली आणि कोपरापर्यंत हात घातला. चाचपलं, पुन्हा चाचपलं. घसा मोकळा होता. हात रिकामाच बाहेर आला, मनगटावर दाताचा एक ओरखडा तेवढा घेऊन. त्याने त्यावर हळद दाबली. पिशवी मला घाबरून पोटात पळाली, असं शेजाऱ्यांना सांगितलंही.

पण चंद्रीचं रेकणं घोगरं झालं, थांबेना. बादली पुढे केली तर पाणी नाकातोंडातून परत येई. मग मागचे पाय लटपटायला लागले, आणि अंबरनाथहून जनावरांची डॉक्टर, संजीवनी, आली. ती गोठ्याच्या दारातच थांबली. मध्यंतरी इथे पिसाळलेलं कुत्रं आलं होतं का, तिने विचारलं. आलं होतं. चंद्रीच्या पायाला चावून गेलं होतं, सगळे विसरले होते.

"तोंडात हात कुणी घातला?" ती हळूच म्हणाली.

हरिचंद्राने हात पाठीमागे नेला. पिसाळलेलं कुत्रं चावलेला आपला कोंडाजीकाका भुंकत भुंकत मेला, ही गोष्ट तो लग्नाच्या मांडवात रंगवून सांगायचा. काका भुंकला नव्हता. त्याने पाणी मागितलं होतं, आणि तांब्या ओठाशी येताच त्याचा गळा आवळला होता. लहानग्या हरिचंद्राने ते दारातून पाहिलं होतं. ते सांगता येईना, म्हणून भुंकणं रचलं होतं.

"पोटात चौदा सुया ना?" त्याने विचारलं.

"आता दंडात देतात, काका. आणि एक औषध जखमेतच. अजून काही होत नाहीये ना, म्हणूनच आज जायचं. त्रास सुरू झाला की मग उपाय नसतो."

नळाखाली साबणाने मनगट चोळताना त्याने ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं. गेलं. खात्री वाटेना, पुन्हा प्यायला. तेवढ्यात शेजारी ठमाबाईने आपले हात धारेखाली धरले. शेण काढून काढून बोटांना भेगा पडलेल्या, एकीतून अजून लाल दिसत होतं.

"तू कशाला?"

"अवो, जीभ कोनी धरलेली?" ती म्हणाली.

त्याने साबण तिच्या हातात दिला. इतका वेळ तो एकट्याचंच मरण मोजत होता.

दवाखान्यात नर्सने विचारलं, कुत्रं कुणाला चावलं? एरवी त्याने त्या कुत्र्याला वाघाएवढं केलं असतं.

"कुत्रं नाय. म्हैस. आमी दोघं," तो म्हणाला. "आधी हिला द्या."

चंद्री त्याच संध्याकाळी गेली. सुयांच्या तारखा अजून चालू आहेत, एकही चुकलेली नाही. सकाळी ठमाबाई दोन तांबे भरते, आणि दोघं एकमेकांच्या गळ्याकडे बघत पाणी पितात.