मेहुणीची कार्बनची सायकल

सायकल दुरुस्तीच्या धंद्यात हात चालला पाहिजे आणि डोळे शाबूत पाहिजेत, पण त्याचं नाव झालं होतं ते कानामुळे. चाक हवेत फिरवून तो नुसता ऐकायचा आणि बेअरिंग झिजलंय की तार सैल आहे ते सांगायचा. गिऱ्हाइकं त्याला ‘कानसेन’ म्हणायला लागली. सत्तावीस वर्षांत ते इतकं रुळलं की दुकानाच्या पाटीवरही तेच आलं.

डोंगरात चालवायच्या कार्बनच्या सायकली लोक घ्यायला लागले, तेव्हा तर या कानाला सोन्याचा भाव आला. लोखंडाची फ्रेम वाकते, ॲल्युमिनियमला पोचा येतो. डोळ्यांना दिसतं तरी. कार्बनचं तसं नाही. बारीक धाग्यांच्या कापडाचे थर आणि त्यांना धरून ठेवणारी राळ, एवढाच काय तो मामला. दगड आपटला तर कधीकधी वरचा रंग जसाच्या तसा आणि आतले थर सुटलेले. म्हणून नाणं घेऊन बोटाबोटाच्या अंतरावर ठोकत जायचं. धड जागी टणक ‘टक्’ येतो. थर सुटले असतील तिथे आवाज बसतो, ओल्या पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या मेहुणीने कार्बनची फ्रेम मागवली आणि तीही बाजारातली सगळ्यात स्वस्त, तेव्हा तो पोट धरून हसला होता. मेहुणी अँब्युलन्स चालवायची. आठवडाभर लोकांना वाचवायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची मान मोडायला डोंगरावर जायची, असं तिची बहीण म्हणजे कानसेनची बायको म्हणत असे.

“अंड्याचं टरफल आणलंयस,” तो म्हणाला होता. “पहिल्या धोंड्यावर फुटेल.”

“पैजच लावा, भावोजी.”

पैज तो हरला. तीन वर्षं ती त्या सायकलीवरून दगडधोंड्यांच्या उतारांवर हाडं खिळखिळी होईतो फिरली, पण फ्रेमला ओरखड्यांपलीकडे काही झालं नाही. तो मनाने सरळ माणूस. हरला तर हरला. पुढे तोच गिऱ्हाइकांना सांगायला लागला, “स्वस्त म्हणजे टाकाऊच असं नाही. यांनी वजन घटवायचा हव्यास केला नाही, थर जाड ठेवलेत. माझ्या मेहुणीची बघा.” मेहुणी दर तीन महिन्यांनी सायकल तपासायला आणायची, तो ठोकून बघायचा आणि दोघं चहा प्यायची.

त्या गुरुवारी ती आली ती कोपराला पट्टी बांधूनच. पायरीसारख्या खडकावरून उतरताना पुढचं चाक घसरलं होतं आणि सायकल चांगली दहा-बारा हात दगडांवरून फरफटत गेली होती.

“मी धड आहे. आधी हिला बघा. शनिवारी आम्ही तिघी सुळक्याच्या पुढची उतरण करणार आहोत.”

त्याने सायकल उलटी टांगली. फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीला दगड लागू नयेत म्हणून रबराची जाड पट्टी चिकटवलेली होती, ती एका जागी खरचटली होती. त्याने नाणं काढलं, डोळे मिटले आणि हँडलपासून पायडलपर्यंत, तिथून मागच्या चाकापर्यंत ठोकत गेला. सगळीकडे सारखंच.

“खणखणीत,” तो म्हणाला. “खुशाल जा.”

शनिवारी सकाळी तो स्वयंपाकघरात वर्तमानपत्र उघडून बसला होता. शेगडी त्याच्यापासून दोन हातांवर. अंगणात कपडे वाळत घालणारी बायको ओल्या हातांनीच धावत आत आली.

“अहो! किटली कधीची बोंबलतेय! शेजारीण विचारतेय, घरात कोणी आहे की नाही म्हणून!”

त्याने वर पाहिलं. किटलीच्या तोंडातून वाफेचा फवारा उडत होता. त्याला गॅसची घरघर ऐकू येत होती, बायकोचा आवाज ऐकू येत होता.

“शिट्टी वाजतेय?” त्याने विचारलं.

बायको त्याच्याकडे बघत राहिली. गॅस तिने बंद केला. वर्षभर ती म्हणतच होती की तुम्ही हल्ली ऐकत नाही. त्याला वाटायचं, सगळ्याच बायका नवऱ्यांविषयी तसं म्हणतात. आता ती म्हणत नव्हती.

चहा न घेताच तो दुकानात गेला. लोकांना दाखवायला म्हणून एक तडकलेली फ्रेम त्याने भिंतीवर टांगून ठेवली होती. त्याने ती काढून मांडीवर घेतली. चांगल्या जागी ठोकलं, तडकलेल्या जागी ठोकलं. पुन्हा ठोकलं. कान अगदी नळीला लावला, मग दुसरा लावला. दोन्ही आवाज जुळ्या भावांसारखे सारखे.

केव्हापासून ऐकू येत नाहीय? सहा महिने? वर्ष? आणि मग एकदम आठवलं, आज शनिवार.

मेहुणीचा फोन लागेना. डोंगरात गेली की तिचा फोन नुसता खिशातला दगड. त्याने स्कूटर काढली. सुळक्यापर्यंत मागून एक कच्चा रस्ता जात होता, सायकली त्याच रस्त्याने चढायच्या आणि पुढच्या बाजूने उतरायच्या. वाटेत दोनदा स्कूटर घसरली. वर पोचला तेव्हा तिघी उतरणीच्या तोंडाशी उभ्या होत्या, आणि मेहुणी गुडघ्याचे पट्टे आवळत होती.

“थांब!” तो ओरडला. “उतरू नकोस!”

“भावोजी? घरी सगळं ठीक आहे ना?” ती धावत आली. तिच्या धंद्यात असं ओरडत येणारा माणूस एकाच कारणासाठी येतो.

“घरी ठीक आहे. सायकल... ती उतरणीवर नेऊ नकोस.”

“गुरुवारी तर तुम्हीच म्हणालात, खणखणीत.”

तिच्या मैत्रिणी ऐकत होत्या. त्यांतल्या एकीची सायकल त्याच्याकडेच यायची. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. एखादा नट राहिला म्हणावं, झालं. ते शब्द जिभेवर आलेही होते.

“मला ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “तो बारीक फरक येत नाही. मला आज कळलं. गुरुवारी मी ठोकलं, पण ऐकलं काहीच नाही.”

मग मेहुणीने हात पुढे केला. “नाणं द्या. कसं ठोकायचं ते दाखवा, ऐकते मी.”

तिने सायकल गवतात आडवी केली. तो दाखवत गेला, ती ठोकत गेली. रबरी पट्टी त्याने उचकटून काढली. नळीच्या मध्याजवळ तिचा हात थांबला. तिने मागे येऊन पुन्हा ठोकलं.

“इथे बसका येतोय,” ती म्हणाली. मैत्रिणीनेही ठोकून पाहिलं आणि मान डोलावली. त्याने डोळे बारीक करून नळी उन्हात धरली. केसाएवढी रेघ होती, अंगठ्याच्या नखाइतकी लांब. त्याने तिथे अंगठ्याने दाबलं तर नळी किंचित आत गेली.

उतरणीच्या मध्यावर दोन पुरुष उंचीचा एक कडा होता, सायकल तिथून उडी मारत जायची. त्याच्याकडे कोणीच पाहिलं नाही.

मैत्रिणींनी आपापल्या सायकलीही ठोकून पाहिल्या आणि मगच त्या दुसऱ्या सोप्या वाटेने गेल्या. स्कूटर ढकलत तो आणि सायकल ढकलत ती कच्च्या रस्त्याने खाली निघाली.

“माझ्यावर चिडून घे,” तो म्हणाला. “बरं वाटेल मला.”

“चिडलेय की. पण गुरुवारसाठी नाही.” थोडं चालून ती म्हणाली, “वर्षभर ताई सांगत होती ना तुम्हाला? मलाही म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. आमच्याकडे गाडीतलं सामान एकट्याने तपासलेलं चालत नाही. दुसऱ्याने बघायचंच, मग पहिला कितीही जुना असो. इथे मात्र मी डोळे मिटून तुमच्या कानांवर विसंबले.”

“आता काय करायचं?”

“कानाच्या डॉक्टरकडे जायचं. आणि बाकीच्या सायकली?”

बाकीच्या सायकली. तोच विचार तो रस्ताभर करत होता.

त्या दुपारी त्याने फोन घेतला आणि वर्षभरात ज्यांच्या कार्बनच्या फ्रेमा ‘खणखणीत’ म्हणून परत दिल्या होत्या त्यांना एकेक करून लावला. चौदा जण होते. दर वेळी तेच वाक्य: मला ऐकू येत नाही, तुमची सायकल पुन्हा तपासायची आहे, तोवर डोंगरात नेऊ नका. बायको शेजारी बसून होती. पहिल्या दोन फोनांना ती म्हणाली, “अहो, दुकान बसेल.” तिसऱ्यापासून तीच नंबर काढून द्यायला लागली.

एकाने सायकल विकली होती. विकत घेणाऱ्याचा नंबर मिळवून त्यालाही कळवलं. एकाने नाही नाही ते ऐकवलं, आणि ते मात्र त्याला शब्दन् शब्द ऐकू आलं. उरलेले बारा जण पुढच्या आठवड्यात येऊन गेले. मेहुणी ड्युटी संपवून यायची आणि ठोकायची, बायको दुसऱ्या बाजूला कान देऊन बसायची, आणि दोघींचं एकमत झालं तरच सायकल परत जायची.

अकरा निघाल्या धड. बारावी बेकरीवाल्याची, आणि ती सगळ्यांत महागडी, हलकीफुल्ल, करंगळीवर उचलता येईल अशी. सीटच्या खाली तिचा आवाज बसला होता. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. सांगायचं काम त्याचंच होतं, आणि त्याने सांगितलं.

बेकरीवाला धिप्पाड माणूस, बाह्यांवर अजून पीठ. त्याने फ्रेमवर एकदा हात फिरवला. “हीसुद्धा?”

“दगडाला किंमत वाचता येत नाही,” मेहुणी म्हणाली.

बेकरीवाला कानसेनच्या अगदी जवळ आला, कानाशी तोंड नेलं आणि भट्टीवरच्या माणसांना हाक मारावी तशा आवाजात ओरडला, “तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं! नाहीतर मला कोण सांगणार होतं?”

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन दिलं. आता किटली ऐकू येते, शेजारीणही ऐकू येते. मेहुणीने नवी फ्रेम घेतली, पुन्हा स्वस्तातलीच. या वेळी तो हसला नाही. तपासताना अजूनही दोघांनी ठोकायचं, हा नियम त्याने ठेवलाय. बेकरीवाला मात्र आजही त्याच्याशी कानाला लागून ओरडूनच बोलतो. मशीनमुळे डोकं दणाणतं, तो मान थोडी मागे घेतो. पण ओरडू नका, असं काही त्याने त्याला अजून सांगितलेलं नाही.